पूर्ण एक मिनिट

घड्याळ मी छातीवर उलटं टाचते,
मान खाली घातली की काटा मला सरळ दिसतो.
पूर्ण एक मिनिट मोजायचं,
अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही.
बाळं हिशोबानं श्वास घेत नाहीत.

बहात्तर.
चौथ्या खाटेवरचा यांखो, वय चार महिने.
पाचव्या खाटेवर सैदी, त्याचेही बहात्तर.
दोघांच्या नाकपुड्या फुलतात,
दोघांच्या बरगड्यांखाली दर श्वासाला खळगा पडतो,
तळ्याकाठच्या ओल्या वाळूत टाच रुतावी तसा.
इंजेक्शन एकाच ट्रेमधलं,
ऑक्सिजनचं यंत्रही एकच, पाच नळ्या फुटलेलं.

तिसऱ्या दिवशी सैदी भुकेनं रडला, खणखणीत.
वॉर्डातल्या सगळ्याच आया थोड्या थोड्या हसल्या.
यांखो रडला नाही.
रडायलाही हवा शिल्लक लागते.

न्खोमा साहेबांनी त्याच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला
आणि बराच वेळ काढलाच नाही.
काही ऐकू येत नाही, म्हणाले.
बोटावरचा लाल दिवा मात्र चौऱ्याहत्तर म्हणत होता.
खरखरणाऱ्या छातीची मला भीती वाटत नाही,
ती भांडत असते.
इतकी गप्प छाती आणि इतके निळे ओठ
एका बाळात दिसले की मी आईकडे बघते.
याच खाटेवरची नळी जूनमध्ये दोनदा
मी काढून, धुऊन, वाळत घातली आहे.

एनेलेसी. हातांना वाळवलेल्या उसिपा मासळीचा वास,
चितेन्जेच्या गाठीत आरोग्याची वही,
प्लास्टिकचं कव्हर घातलेली.
सहाव्या महिन्याच्या पानावर शिक्का, निगेटिव्ह.
"बघा ना सिस्टर, लिहिलंय."
खरंच लिहिलंय.
त्यापुढची पानं कोरी आहेत.
नवरा ख्रिसमसला जोनीहून आला होता
(जोहान्सबर्गला इकडे लाडानं जोनी म्हणतात),
रेडिओ घेऊन, जाड ब्लँकेट घेऊन.

तिच्या बोटाचा एक थेंब. पंधरा मिनिटं.
दोन रेघा.
दोनच होत्या, तरी ती मोजत राहिली.

यांखोच्या टाचेचे थेंब कागदावर वाळवले,
मोटरसायकलवरून ब्लांटायरला पाठवले.
चिचेवात यांखो म्हणजे उत्तर.
उत्तर यायला आठवडे लागतात
आणि ही छाती तेवढी थांबणार नाही,
म्हणून आम्हीही थांबलो नाही.
कोट्रिमोक्साझोल, नेहमीपेक्षा कितीतरी मोठं माप,
चुरून, पाण्यात कालवून, नाकातल्या नळीतून.

"माझ्या दुधातून?" तिनं भिंतीला विचारलं.
दुधातून, किंवा पोटात असतानाच, किंवा जन्मताना.
मला माहीत नाही, मी म्हणाले.
"मग आता पाजू की नको?"
पाज. थोडी धाप कमी होऊ दे, मग पाज.
आणि स्वतःची गोळी घे. दोन्ही.

रात्री आठला माझ्या एप्रनच्या खिशात फोन गुरगुरतो.
मी सिंकपाशी जाते, पाठमोरी होते,
ओंजळीतल्या पाण्याबरोबर गिळते.
अकरा वर्षं झाली. माझी मुलगी दहा वर्षांची आहे,
तिच्या टाचेचा कागद निर्धास्त परत आला होता.
वळले तर एनेलेसी जागी.
तिनं काही विचारलं नाही.
खूप वेळानं म्हणाली,
"माझ्याकडे फोन नाही."

मशिदीतली शेवटची अजान झाली की घे.
"आम्ही चर्चवाले."
अजान सगळ्यांनाच ऐकू येते.

नववी रात्र. म्वेरा वारा पत्रे हलवतोय.
वीज दोनदा गेली, जनरेटर खोकत खोकत सुरू झाला.
सैदीच्या खाटेवर आता दुसरंच बाळ आहे.
ब्लांटायरहून काही आलेलं नाही.
मी घड्याळाकडे बघते, यांखोचा सदरा वर करते.
एकेचाळीस, बेचाळीस,
काटा अजून नऊपाशी आहे,
त्रेचाळीस,
आणि तो शिंकतो.

थांब रे.
पुन्हा पहिल्यापासून.